हरायला मांजरीला

सदाशिव पेठेतून निघून मांजरीला मुक्काम करून परत आलेला माणूस माझ्या ओळखीत दुसरा नाही. लोक सिंगापूरला जातात, दुबईला जातात, मुलाकडे अमेरिकेत जाऊन सहा महिने भांडी घासतात आणि परत आल्यावर त्यावर व्याख्यानं देतात. मांजरीला कोणी जात नाही. गेलंच तर कुणाच्या तरी नव्या फ्लॅटची वास्तुशांत उरकून, दुपारची झोप घरी मिळेल अशा बेताने परत येतं. मी तिथे बॅग घेऊन गेलो, राहिलो, आणि आल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटलो आहे. घरच्यांनी ऐकणं बंद केलं, म्हणून आता लिहून काढतो.

प्रवासाचं कारण आधी सांगायला हवं. आमची ऋचा खराडीला एका आयटी कंपनीत आहे. तिथल्याच निखिल गजभियेशी तिला लग्न करायचं आहे. ऑफिसात विरंगुळ्यासाठी एक खोली आहे आणि तिथे ही दोघं व्हिडिओ गेम खेळता खेळता भेटली. कंपनी त्यांना पगार नेमका कशाचा देते हे मी विचारलं नाही. गेम कोणता म्हणाल, तर 'जपानी'. म्हणजे त्याची हल्लीची, चकचकीत आवृत्ती.

'जपानी' हे त्याचं खरं नाव नव्हे. नव्वदीच्या सुरुवातीला, मी कॉलेजात असताना, पेठेत एका बुकबाइंडरच्या दुकानाखाली तळघरात व्हिडिओ पार्लर होतं. तिथल्या एका यंत्रावर नाव जपानी अक्षरांत लिहिलेलं. ते वाचू शकणारा माणूस पेठेत नव्हता, आणि वाचता येत नाही हे कबूल करणाराही नव्हता, म्हणून सगळे नुसतं 'जपानी' म्हणायचे. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी राहतात आणि एकमेकांना बडवतात. डाव्या हाताला दांडा, उजव्या हाताला सहा बटणं. वरच्या बाजूला दोघांच्या जिवाची एकेक पट्टी. मार बसला की ती आखडते, संपली की माणूस आडवा. दोन डाव जिंकेल तो जिंकला. कथा एवढीच. या कथेपायी मी बी.कॉम.चं शेवटचं वर्ष दोनदा केलं. पुढे ऋचा शाळेत असताना मी तिला हाच गेम घरच्या कॉम्प्युटरवर शिकवला. इतर वडील मुलींकडून पाढे म्हणून घेत होते.

निखिलचे वडील, गजभियेसाहेब, मूळचे भंडाऱ्याचे. मांजरीजवळ उसावर संशोधन करणारी संस्था आहे, तिथून ते निवृत्त झाले. मंडळी बौद्ध, आम्ही सदाशिव पेठेतले लिमये. आमच्या नातेवाइकांनी यावर 'आमची काहीच हरकत नाही' हे इतक्या वेळा सांगितलं की हरकत आहे हे आमच्या लक्षात आलं. ते आम्ही निस्तरलं. अडलं होतं ते पलीकडे. गजभियेसाहेबांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. त्यांचा एवढाच निरोप आला होता, की एकदा मुक्कामाला या. निखिलने त्याला जोडून एक माहिती पुरवली. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत जपानीचं जुनं यंत्र आहे, आणि पप्पा घरी आलेल्या प्रत्येकाला खेळायला बसवतात.

"हे बघा," आमची वसुधा म्हणाली, "आपण मुलीकडचे. खेळायला बसवलं तर गुपचूप हरून यायचं."

"आणि बाबा, प्लीज," ऋचा म्हणाली, "टोमणे नकोत. एकसुद्धा नको. तुम्हाला कळत नाही, पण तुम्ही मारता."

"मला कळत नाही असं कोण म्हणालं?" मी म्हणालो.

"हा बघा, हाच."

पोरीचं सगळं आयुष्य माझ्या तोंडावर आणि दहा बोटांवर टाकून या दोघी बॅगा भरायला गेल्या.

मंडई

रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून सकाळी मंडईत गेलो. थंडीचे दिवस, पेरू आणि बोरांचे ढीग लागलेले. वसुधाला अंजीर हवे होते. नेहमीच्या मावशींकडे गेलो. या मावशी गिऱ्हाइकाला फळाला हात लावू देत नाहीत. मी एक अंजीर दाबून बघितला.

"दाबू नका. डॉक्टर हाय का तुमी?" मावशी म्हणाल्या. "कुणाकडं न्यायचेत?"

"सोयरीक जुळवायला चाललोय," वसुधा अभिमानाने म्हणाली. "मांजरीला."

मावशींनी हातातला अंजीर खाली ठेवला. "मांजरीला फळं नेताय? अवो, निम्मा माल रोज तिकडनंच इथं येतो. त्यो आता तुमी परत न्यायचा?"

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण सरावाला आत्तापासूनच सुरुवात करावी म्हणून मी नुसता हसलो. वसुधाने माझ्याकडे काळजीने बघितलं आणि बरं वाटत नाही का विचारलं. अंजीर घेतलेच. मावशींनी केळीच्या पानात बांधून, पुठ्ठ्याच्या पेटीत भरून, ती माझ्या हातात दिली आणि बजावलं, "मांडीवरच ठेवा."

हडपसरच्या पलीकडे

जिन्यात शेजारच्या भिड्यांनी बॅगा बघून विचारलं, "कुठे, कोकणात?"

"मांजरीला."

"अरे वा," ते म्हणाले. "पोहोचलात की कळवा."

तासाभरात दोन तयार उत्तरं गिळून झाली होती.

गाडी ऋचा चालवत होती. हडपसरची गर्दी मी गाळतो, ती वाचकांनी पाहिलेली आहे. ती ओलांडली की मात्र प्रदेश बदलतो. डाव्या हाताला तेवीस मजले, उजव्या हाताला ऊस. मध्ये उसाने खच्चून भरलेला ट्रॅक्टर, त्याच्यामागे आयटीवाल्यांच्या गाड्यांची रांग, आणि ट्रॅक्टरवर लावलेलं गाणं सगळ्या रांगेला ऐकू येतंय. इमारतींच्या जाहिरातींवर लिहिलं होतं, 'निसर्गाच्या सान्निध्यात'. निसर्ग शेजारीच पाण्याची मोटर लावून बसला होता. हवेत ओल्या मातीचा आणि कुठेतरी उसाचं पाचट जळल्याचा वास. आमच्या पेठेत याच वेळी पोळ्यांचा आणि डेटॉलचा वास येतो, कारण एक घर सोडून एक दवाखाना.

मोबाइलच्या नकाशाने आम्हाला एका शेताच्या बांधावर नेऊन सोडलं आणि आपण पोहोचलो आहोत असं जाहीर केलं. समोर ऊस. बांधावर एक आजोबा उभे होते.

"गजभियेसाहेबांचं घर कुठे?" मी विचारलं.

"उसाचं साहेब? त्यो टावर दिसतोय न्हवं? त्याच्या मागं हाय. पर गाडी इथनं जायाची न्हाई. मागं घ्या."

गाडी मागे घेताना चाक पाण्याच्या चारीत गेलं, दणका बसला, आणि मी तोल सावरायला मांडीवर दोन्ही हात टेकवले. मांडीवर अंजीर होते. मावशींचं ऐकून पेटी जागची हलवली नव्हती, त्यामुळे नेम चुकला नाही.

अशा रीतीने, पँटवर अंजिरांचा लगदा घेऊन, मी लेकीच्या सासरच्या अंगणात उतरलो.

मांजरी, संध्याकाळ

घर बैठं, मोठं अंगण, मागे उसाचा तुकडा. दिवाणखान्यात बुद्धाची शांत मूर्ती आणि तीन भिंती पुस्तकांच्या. गजभियेसाहेब उंच, सावळे, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांनी माझ्या पँटकडे पाहिलंच नाही असं इतक्या कौशल्याने दाखवलं की मला जास्तच लाज वाटली.

"आपण आलात, फार आनंद वाटला," ते म्हणाले. "आपल्याला त्रास तर नाही झाला?"

सगळं 'आपण', सगळं छापील. मीही 'छे छे, त्रास कसला' म्हणालो. त्यांच्या पत्नी शोभाताई मात्र सरळ पुढे आल्या, पेटी उघडून बघितली आणि म्हणाल्या, "जॅम होईल ना जी याचा. मस्त होईल." आणि पेटी घेऊन आत गेल्या. मला त्या तेव्हाच आवडल्या.

इथे चालीरीतींचा एक फरक नोंदवतो. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, चहा घेणार का. तो नको म्हणतो, मग त्याला पुन्हा विचारतात, मग तो अर्धा चालेल म्हणतो. यात वेळ बरा जातो. इथे विचारणं नाहीच. चहा आला, चिवडा आला, उसाचा रस आला, पुन्हा चहा आला. मी नको म्हणायला तोंड उघडलं की त्यात काहीतरी पडत होतं.

मग आम्हाला गच्चीवर नेलं. खोलीत मधोमध जपानी उभं होतं. तेच, पिवळट लाकडी कपाटासारखं, वर काच, दांड्याचा लाल गोळा झिजून गुलाबी झालेला. मला काय झालं ते सांगता येत नाही. मी पुढे होऊन त्याच्या कडेवरून हात फिरवला.

"जुन्या बाजारात पडलं होतं," गजभियेसाहेब म्हणाले. "निखिलने आणि मी मिळून सुरू केलं. आमच्या नागपूरला, मी कॉलेजात असताना, सीताबर्डीवर एक होतं. आपण कोण घेता?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. यंत्रात आठ योद्धे आहेत आणि त्यांची जपानी नावं आम्हाला कधीच कळली नाहीत, त्यामुळे पेठेने आपली ठेवली होती. मी म्हणालो, "मी नाना घेतो."

"कोण नाना?"

"तो, छत्रीवाला."

"अच्छा, मास्तर! आम्ही मास्तर म्हणायचो. मी रामभाऊ घेतो."

रामभाऊ म्हणजे आमचा मिशाळ, केळीच्या खांबाएवढ्या दंडांचा पैलवान. हे सगळं जुळवेपर्यंत निखिलने मोबाइल काढला. "पप्पा, यांची खरी नावं आहेत ना इथे. छत्रीवाल्याचं नाव..."

"राहू दे," आम्ही दोघंही एकदम म्हणालो. आणि एकमेकांकडे बघून जरासे हसलो. मला वाटलं, जमतंय.

मग मी हरायला सुरुवात केली.

मुद्दाम हरणं किती अवघड असतं ते ज्याने केलं नाही त्याला समजायचं नाही. डोकं म्हणतं मार खा, आणि बोटं तळघरात शिकलेली, ती आपोआप अडवतात. मिशाळ अंगावर आला की माझा अंगठा उठायचा आणि मी तो दाबून धरायचो. मी नानाला कोपऱ्यात नेऊन उभं केलं. तिथे तो छत्री मिटून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा मार खात राहिला. वसुधा मागून समाधानाने मान हलवत होती. पहिला डाव गेला. दुसरा गेला. सामना गेला. "वा, काय खेळता आपण!" मी म्हणालो. गजभियेसाहेबांनी पुन्हा यंत्र सुरू केलं. त्या सामन्याचाही पहिला डाव मी व्यवस्थित घालवला.

त्यांनी दांड्यावरचा हात काढला.

"लिमयेसाहेब, आपण मुद्दाम हरताय."

"छे हो, सवय गेली आता."

"सवय गेली असती तर आपण चुकला असतात," ते शांतपणे म्हणाले. "आपण चुकत नाही. आपण थांबताय." मग यंत्राचं बटण बंद करून म्हणाले, "चला, जेवणं करून घेऊ."

जेवायला बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात, वांग्याची भाजी, झणझणीत रस्सा. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. "तिखट झालं का जी?" शोभाताईंनी विचारलं. "नाही नाही, उत्तम," मी म्हणालो आणि डोळे पुसले. गजभियेसाहेब माझ्याकडे बघत होते. त्यांनी दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

जेवण लवकर आटोपलं होतं. ते म्हणाले, "जरा पाय मोकळे करू." उसाच्या कडेने आम्ही दोघंच चालायला लागलो.

"ऑफिसात माझे एक साहेब होते," ते म्हणाले. "फार तापट. सगळ्यांना शिव्या घालायचे. तुझा अहवाल कचरा आहे, तुला अक्कल नाही, असं. नंतर त्यांच्याच खांद्यावर हात टाकून चहाला जायचे. मला मात्र कधी काही बोलले नाहीत. मी काहीही नेलं की 'छान, गजभिये, छान'. एकदा माझा अख्खा तक्ता चुकला होता. त्यालाही छान म्हणाले."

मी वाटेतलं एक ढेकूळ पायाने बाजूला सारलं.

"त्यांच्या मनात वाईट नव्हतं. जपून वागायचे. सगळेच जपून वागतात माझ्याशी. पण ज्याच्याशी जपून वागतात ना, त्याला कोणी चहाला नेत नाही." ते थांबले. "निखिल उद्या आपल्या घरी येणार. आपण सगळे त्याला छान छान म्हणणार. जन्मभर तो पाहुण्याच्या खुर्चीत बसणार. हे मला नको आहे. म्हणून हो म्हणता येत नाही."

मला ओशाळल्यासारखं झालं. टोमणा नको म्हणून मी दिवसभर जे गिळत होतो, तेच नेमकं या माणसाला हवं होतं. पण त्या वेळी जे बोलेन ते जपूनच वाटलं असतं. म्हणून मी नुसतं 'थंडी वाढली' म्हणालो आणि आम्ही परतलो.

मांजरी, सकाळ

सकाळी ऋचा अंगणात चहा पीत बसली होती. तिला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली.

"म्हणजे आईने हरा म्हटलं, मी टोमणे नको म्हटलं, आणि आम्ही दोघींनी मिळून वाट लावली."

"मी असं काही म्हटलं नाही."

"बाबा, असे वागू नका! नेहमीसारखे वागा. मी परवानगी देते. वर जा आणि नीट खेळा."

नाश्त्याला तर्री पोहे होते. आमच्याकडचे पोहे म्हणजे साखर, खोबरं, लिंबाची फोड. इथे पोह्यांवर लालभडक तर्री ओततात आणि वर चणे. मी दोन घास खाल्ले आणि शोभाताईंना म्हणालो, "वहिनी, हे पोहे आहेत की शिक्षा? जिवंत घरी जायचं आहे मला."

वसुधाच्या हातातला चमचा खाली पडला. शोभाताई खदखदून हसल्या. "मग काल काहून खाल्लं इतकं? दही आणते, थांबा." गजभियेसाहेबांनी पेपरमधून डोकं वर काढलं.

"साहेब," मी म्हणालो, "वर येता का? काल माझा नाना झोपला होता. आज उठलाय."

त्यांनी पेपरची घडी घातली आणि जिना चढायला लागले. निखिल आणि ऋचा मागोमाग आली.

पहिला डाव मी घेतला. कसा घेतला ते विचारू नका, मलाही माहीत नाही. बोटांना माहीत होतं. छत्री उघडून अडवायचं, मिटून टोचायचं, मिशाळ उडी मारेल तिथे आधीच जाऊन उभं राहायचं. तळघरातला तो शाईचा आणि खळीचा वास मला आल्यासारखा वाटला. "वा," गजभियेसाहेब म्हणाले. या वेळी हे 'वा' त्यांच्या घशातून आलं, छापील नव्हतं.

दुसऱ्या डावात मी त्यांना कोपऱ्यात गाठलं होतं. आणखी एक टोचणी आणि सामना संपला असता. इतक्यात मिशाळने नानाला गच्च धरलं, डोक्यावर उचललं आणि आपटलं. माझी निम्मी पट्टी गेली.

मी दांडा सोडला. "अहो, हे काय?"

"पकड आहे."

"पकड नाही!"

"नाही म्हणजे? आहे ना. आत्ता तुम्हाला आपटलं की."

"म्हणजे करायची नाही! जवळ जाऊन धरायचं आणि आपटायचं, यात काय आलं कौशल्य? आमच्याकडे पाटी होती. 'पकड करणाऱ्यास पुढील डाव मिळणार नाही.' "

"पाटी?" गजभियेसाहेब माझ्याकडे वळले. "अहो, ज्या जपानी लोकांनी गेम केला, त्यांनीच पकड ठेवली आहे त्यात."

"जपानात चालत असेल. सदाशिव पेठेत चालत नाही."

हे बोलताना मला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही वाटत नाही. निखिल मात्र हसायला लागला. "पप्पा, तरीच! ऋचा ऑफिसात कधीच पकड करत नाही. सगळे तिला विचारतात, का करत नाहीस. ती म्हणते, आमच्याकडे करत नाहीत." ऋचाने लाजून खिडकीबाहेर बघितलं. ज्या तळघरात आता एक झेरॉक्सवाला बसतो, तिथला कायदा माझी लेक खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत पाळत होती. मला गहिवरून आलं. तेवढ्यात निखिलने पुन्हा मोबाइल काढला. "पण काका, जगात सगळीकडे स्पर्धांमध्ये पकड चालते. तिच्याशिवाय गेमचा तोलच..."

"तू गप्प बस!" आम्ही दोघं ओरडलो.

"तिसरा डाव," गजभियेसाहेब दात आवळून म्हणाले. दुसरा त्यांनी तोपर्यंत घेतला होता, कारण मी पेठेचे नियम सांगत असताना त्यांचा हात चालूच होता.

तिसऱ्या डावात त्यांनी पहिलीच चाल काय केली असेल? पकड.

आणि मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. "नागपुरात संत्र्याबरोबर लाजही सोलून टाकतात वाटतं!"

ऋचाने डोळे मिटून घेतले. लेकीचं लग्न मी छत्रीवाल्या एका माणसापायी मोडलं, असं मला स्वच्छ दिसलं. मी माफी मागायला वळलो.

गजभियेसाहेबांचा चेहरा लाल झाला होता. "आणि तुमच्या पेठेत काय करता?" ते गरजले. "मारायच्या आधी अर्ज देता का? 'महोदय, आपणास एक ठोसा मारण्याची परवानगी मिळावी'? पाटी लावता! पाटी! खेळता काहून मग? घरी बसून पाट्याच रंगवा ना बे!"

"बे कोणाला म्हणता?"

"तुलेच म्हणून राहिलो! दांडा धर, डाव चालू आहे!"

मी दांडा धरला. आम्ही खेळत होतो आणि भांडत होतो. मी त्यांच्या मिशाळला रेडा म्हणालो. ते माझ्या नानाला छत्री दुरुस्तीवाला म्हणाले. मी विचारलं, तुमच्या उसाला तरी नीट धरता का उपटूनच टाकता. ते म्हणाले तुमचे अंजीर पाहिले, धरायच्या गोष्टी तुम्ही करूच नका. आवाज खालपर्यंत गेला असावा, कारण जिन्यावर धावती पावलं वाजली.

दारात आधी वसुधा आली, पांढरी पडलेली. "अहो! काय बोलताय! अहो, भान आहे का?" ती जवळजवळ रडायला आली होती. "वहिनी, यांच्याकडे लक्ष देऊ नका हो, हे असेच आहेत, मनात काही नसतं..."

तिच्यामागून शोभाताई आल्या. पिठाचे हात तसेच. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो दातओठ खात, बटणं बडवत, परक्या माणसाला अरे-तुरे करत होता. शोभाताईंनी हळूच पदराला हात पुसले.

"ताई," त्या वसुधाला म्हणाल्या, "तारीख धरा आता."

"काय?"

"हे फक्त घरच्यांवरच ओरडतात. बाहेरच्या माणसावर ओरडताना मी यांना आजवर पाहिलं नाही."

ऋचाने डोळे उघडले. यंत्रातून तेवढं ठक्‌ ठक्‌ वाजत होतं. गजभियेसाहेबांची नजर पडद्यावरून हलली नाही.

"उन्हाळ्यात नको," ते म्हणाले. "भंडाऱ्याहून म्हातारी माणसं यायची आहेत. त्यांचे हाल होतील."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. डोळे इतके भरून आले होते की समोरचं काही दिसेना, आणि तेवढ्यात त्यांनी मला उचलून आपटलं.